१५ मिमी आखूड पाय आणि आखडलेला खुबा: एका कंबरदुखीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. एकसारख्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या तपशिलांतून शिकवण्यासाठी ते जुळवलं आहे. फिजिओथेरपीच्या टेबलावर यातला प्रत्येक तुकडा ओळखीचा वाटेल.

रुग्ण ४१ वर्षांच्या बाई. काम बैठं, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर. शाळा-कॉलेजात भरपूर धावल्या-खेळल्या, पुढे सुटलं. दोन वर्षांपासून कमरेच्या उजव्या बाजूला दुखतं. पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं की कंबर धरते. बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळी होते. जोडीला डाव्या खुब्यात पुढून आवळल्यासारखं वाटतं. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं वाकूनच टाकावी लागतात, मग हळूहळू सरळ होता येतं. पण टेबलाशी येऊन बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "माझा उजवा पाय दीड सेंटीमीटर आखूड आहे, त्यामुळे कंबर दुखते."

हे निदान त्यांना आठ महिन्यांपूर्वी मिळालं होतं. उताणं झोपवून दोन्ही घोटे शेजारी आणले, उजवा १५ मिमी वर दिसला, आणि उजव्या टाचेखाली १२ मिमीचं पॅड आलं. शिवाय "पेल्विस (कमरेच्या तळाचं हाडांचं कडं) सरकली आहे, बसवावी लागेल" असंही सांगितलं गेलं आणि काही वेळा ती 'बसवून' झाली. पॅडने पहिले तीन-चार आठवडे खरंच बरं वाटलं. मग दुखणं परत आलं आणि थोडं वाढलंच. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी किंचित फुगलेली दिसत होती. म्हणजे कंबरदुखीची तीन कारणं त्या हातात घेऊनच आल्या होत्या: आखूड पाय, सरकलेली पेल्विस आणि फुगलेली गादी.

आधी धोक्याच्या गोष्टी बाजूला काढल्या. ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही. लघवी-शौचावरचा ताबा नीट आहे, बैठकीच्या जागी बधिरपणा नाही, पावलात कमजोरी नाही. सकाळी उठल्यावर पाठ दहा मिनिटांत सुटते. ती अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असती आणि हालचालीनेच सुटत असती, तर सांध्यांच्या दाहाचा विचार करावा लागला असता. लहानपणी पायाचं हाड मोडणं, सांध्यात जंतुसंसर्ग, खुब्याचा जन्मजात दोष, यांपैकी काही नव्हतं. हा प्रश्न पायाच्या लांबीच्या प्रत्येक तक्रारीत विचारायलाच हवा, कारण मोठा फरक बहुतेकदा अशा इतिहासातून येतो.

गादीचा मुद्दाही इथेच मिटवला. ज्यांना पाठदुखी नाही अशा लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली मोठा आढावा घेतला गेला. चाळिशीतल्या निरोगी लोकांपैकी सुमारे ५० टक्क्यांमध्ये फुगलेली गादी दिसली होती. या बाईंना पायात कळ नव्हती, रिफ्लेक्स ठीक होते, पाय सरळ उचलल्यावर काही ताणत नव्हतं. शिवाय पुढे वाकल्यावर त्यांना बरं वाटत होतं, आणि गादीच्या दुखण्यात बहुधा याच्या उलट होतं. गादीवर आरोप ठेवायला पुरावा नव्हता.

मोजमाप

पायाची लांबी दोन प्रकारे मोजतात आणि दोन्ही आकडे लागतात. खरी लांबी म्हणजे कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंतचं अंतर. भासमान लांबी बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत मोजतात. पहिली बरीचशी हाडांबद्दल सांगते. दुसरीत पेल्विसचा कल आणि खुब्याचा आखडलेपणाही मिसळलेला असतो. नुसते घोटे शेजारी ठेवून पाहिलं तर दुसरीच दिसते. मोजपट्टीत काही मिलिमीटरांची चूक सहज होते, कधी सेंटीमीटरपर्यंतही जाते, म्हणून प्रत्येक माप तीनदा घेतलं.

बेंबीपासून उजवा पाय १५ मिमी आखूड आला. खरी लांबी मोजताना मात्र एक अट पाळावी लागते: दोन्ही पाय पेल्विसशी सारख्याच कोनात असले पाहिजेत. एक खुबा आखडून बाहेरच्या बाजूला राहत असेल, तर दुसराही तेवढाच बाहेर नेऊन मगच पट्टी लावायची, नाहीतर खरी लांबीही खोटी येते. अनेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते. इथे कमरेची दोन्ही टोकं एका रेषेत आणल्याबरोबर डावा पाय आपोआप किंचित बाहेर सरकला. उजवाही तेवढाच बाहेर नेऊन मोजलं तेव्हा फरक ६ मिमी निघाला.

मग ९ मिमी गेले कुठे? खुब्याच्या दोन सांध्यांमधलं अंतर साधारण १७ ते १८ सेंटीमीटर असतं. पेल्विस ३ अंशांनी कलली की तेवढ्या अंतरावर ९ मिमीचा फरक पडतो. तीन अंशांचा कल डोळ्यांना जेमतेम कळतो, पण घोट्यापाशी तो चांगला सेंटीमीटरभर दिसतो.

हा कल डाव्या खुब्यातून येत होता. टेबलाच्या कडेला उताणं झोपवून उजवा गुडघा छातीशी धरायला सांगितला. डावी मांडी टेबलाला टेकायला हवी होती, ती १५ अंश वर राहिली. हीच थॉमस चाचणी, एकोणिसाव्या शतकातले शल्यचिकित्सक ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाची. मग मांडी तशीच असताना डावा गुडघा सरळ केला, तर ती तीन-चार अंश खाली आली. म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा यात थोडाच वाटा होता. त्यानंतर मांडीला बाहेरच्या बाजूला जाऊ दिलं, आणि ती आणखी सहा-सात अंश खाली गेली. हे महत्त्वाचं होतं. कमरेच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून निघून मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याला मिळणारा स्नायू आखडला असेल तरच असं होतं. हा स्नायू खुबा पुढे वाकवतो आणि पाय बाहेरही नेतो. उजव्या कुशीवर झोपवून वरचा डावा पाय किती खाली येतो तेही पाहिलं, त्यानेही तेच सांगितलं.

राहिलेले चार-पाच अंश कशाने सुटेनात. खुबा आतल्या बाजूला फिरवून पाहिला: उजवीकडे ३२ अंश, डावीकडे १२. वाकवून आत फिरवला की जांघेत टोचायचं. ही टोच अनेक निरोगी खुब्यांतही होते, त्यामुळे तिच्यावर एकटीवर निदान टाकता येत नाही. पण फिरत एवढी कमी असल्यामुळे उभ्याने एक्स-रे काढायला पाठवलं. सांध्यातली जागा चांगली होती. मांडीच्या हाडाच्या डोक्याखाली मानेवर थोडा उंचवटा होता, वाढीच्या वयात भरपूर खेळलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो. त्याच एक्स-रेवर, पाय खुब्याइतक्या अंतरावर आणि गुडघे सरळ असताना, हाडांची दोन्ही डोकी किती उंचीवर आहेत तेही मोजता आलं. उजवं ६ मिमी खाली होतं, आणि मोजपट्टीचा आकडाही तेवढाच होता.

६ मिमी हा फरक आहे का? हो, पण बहुतेक सगळ्यांना असतो. नटसन यांच्या २००५ च्या आढाव्यात सुमारे ९० टक्के लोकांमध्ये हाडाच्या लांबीत काही ना काही फरक आढळला, सरासरी ५.२ मिमी. साधारण २० मिमीपर्यंत त्याला फारसं महत्त्व देऊ नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंबरदुखीशी त्याचं नातं किती, यावर जुना वाद आहे. फिनलंडच्या फ्रिबर्ग यांनी १९८३ मध्ये कंबरदुखीवाल्यांमध्ये असा फरक जास्त आढळल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी ग्रंडी आणि रॉबर्ट्स यांना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण लहान फरक कुणालाच कधीच त्रास देत नाही असंही मी म्हणणार नाही. तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी असू शकते.

उभं राहिल्यावर काय होत होतं

बाई सवयीने उभ्या राहायच्या त्या डावा गुडघा किंचित वाकवून आणि डावं पाऊल थोडं बाहेर टाकून. पॅड काढून, पावलं जुळवून, दोन्ही गुडघे सरळ करायला सांगितले, तर डाव्या खुब्याच्या बाहेर ओढ बसायची आणि उजवी टाच हलकी पडायची. डावा पाय बाहेर राहू पाहतो आणि जमिनीवर तो सरळ ठेवावा लागतो, म्हणून पेल्विस डावीकडे झुकते. पेल्विस डावीकडे झुकली की कणा सरळ राहण्यासाठी कमरेतून उजवीकडे वळतो, आणि उजव्या बाजूचे मणक्यांचे लहान सांधे दबतात. त्यात खुबा मागे जात नसल्यामुळे उभं राहताना कमरेचा पुढचा बाक वाढतो, म्हणून उभं राहिलं की दुखतं आणि वाकलं की सुटतं. उजव्या कमरेचं दुखणं आणि डाव्या खुब्याचं आवळणं या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच.

पॅडने आधी बरं का वाटलं, हेही इथेच उलगडतं. उजव्या टाचेखाली १२ मिमी आल्यावर डाव्या खुब्याला हवा तसा कल मिळाला आणि त्याची ओढ थांबली. कंबर मात्र आता दिवसभर त्याच कलात बांधली गेली. डगमगत्या टेबलाखाली कागदाची घडी सारावी तसा हा उपाय होता, फक्त घडी गरजेपेक्षा जाड होती. हाडाचा खरा फरक ६ मिमी असताना त्याच्या दुप्पट भर घातल्यामुळे उजवी बाजू वर उचलली गेली होती.

एवढं सगळं तर्काने जुळत असलं तरी टेबलावरच दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, बाईंना स्टुलावर बसवलं. कण्याचा बाक जवळपास गेला, म्हणजे दोष कण्यात नव्हता, पेल्विसच्या खाली होता. पाय आखूड असो की खुबा आखडलेला, बसल्यावर दोन्हींचा परिणाम सुटतो, त्यामुळे ही चाचणी त्यांच्यातला निवाडा करत नाही. तो दुसरीने केला. दुखायला लागेपर्यंत त्यांना उभं ठेवलं, मग पॅड काढून डावा पाय हवा तेवढा बाहेर टाकू दिला आणि डावा गुडघा सैल सोडायला सांगितला. दोन मिनिटांत दुखणं निम्म्यावर आलं. त्याच स्थितीत उजव्या पावलाखाली ६ मिमीची पट्टी सरकवली, तर जाणवण्यासारखा फरक पडला नाही.

'सरकलेल्या पेल्विस'बद्दल थोडं. पेल्विसचं बाजूचं हाड आणि कण्याच्या तळाचं त्रिकास्थी यांच्यामधल्या सांध्यात हालचाल होते, पण फारच थोडी. स्टुरेसन यांच्या गटाने १९८९ मध्ये हाडांत टँटलम या धातूचे बारीक गोळे बसवून ती मोजली. फिरणं सरासरी अडीच अंशांच्या आसपास आणि सरकणं मिलिमीटरपेक्षा कमी निघालं. एवढ्याशा हालचालीने एक पाय दीड सेंटीमीटर आखूड होत नाही, आणि हाताला ती 'बसलेली' कळणंही अवघड आहे. अशा हाताळणीनंतर काही तास बरं वाटतं, ते खोटं नसतं, पण त्यासाठी काही सरकलेलं असायला लागत नाही.

उपचार

पहिला निर्णय पॅडबद्दल होता. ते एकदम काढलं नाही, कारण शरीर आठ महिने त्यावर उभं होतं. १२ वरून ९, मग ६ मिमी, दर दोन आठवड्यांनी. पॅडची एका वेळी एकच पायरी उतरवायची हे धोरण ठेवलं, नाहीतर कोणत्या पायरीने काय झालं हे कळत नाही.

खुब्यासाठी ताण दिले ते मोजकेच. अर्ध्या गुडघ्यावर बसून, डावा गुडघा जमिनीला टेकवून, आधी पार्श्वभाग आवळून पेल्विस मागे वळवायची आणि मगच शरीर पुढे न्यायचं. हे आधीचं वळवणं विसरलं की सगळा ताण कमरेच्या बाकात जातो आणि खुब्याला काहीच मिळत नाही. व्हिडिओ पाहून ताण देणाऱ्यांमध्ये ही चूक सर्रास दिसते. बाहेरच्या स्नायूसाठी त्याच स्थितीत धड उजवीकडे झुकवायचं. प्रत्येक वेळी ३० सेकंद, तीन-चार वेळा, रोज. बराचसा वेळ मात्र ताकदीला दिला: मागे पाय नेऊन हळूहळू खाली जाणारा लंज, एका पायावरचा ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), कुशीवर झोपून पाय उचलणं, साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधाराने धड उचलून धरणं). आखडलेल्या स्नायूला पूर्ण लांबीत काम करायला लावलं की मिळालेली फिरत टिकते. नुसत्या ताणाने ती तासाभरात परत जाते, असा माझा अनुभव आहे.

काही गोष्टी बंद केल्या. खूप खाली जाणारी उठाबशी आणि मांडी आडवी घालून छाती त्यावर टेकवण्याचा प्रकार, दोन्हींत खुबा नेमका टोचण्याच्या कोनात जातो. हाडाच्या उंचवट्याला ताण देऊन काही मिळत नाही. खुर्ची उंच केली, जेणेकरून खुबा गुडघ्याच्या वर राहील, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटं चालायला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात कमरेत जवळजवळ काहीच बदल नव्हता आणि बाई वैतागल्या होत्या. त्यांचं म्हणणं, "पॅड कमी केलं म्हणूनच थांबलंय सगळं." मोजून पाहिलं तर डावी मांडी १५ ऐवजी ९ अंशांवर आली होती आणि घोट्यांमधला फरक ११ मिमीवर. आकडे दाखवल्यावर त्या तयार झाल्या. सहाव्या आठवड्यापर्यंत उभं राहणं अर्ध्या तासावर गेलं. आठव्या आठवड्यात एक माघार झाली. 'खुबा मोकळा करणारा' एक ताण त्यांनी कुठेतरी पाहून जोरात केला, तो नेमका बंद केलेल्यांपैकी होता. जांघ दहा दिवस दुखत राहिली. कमरेचं दुखणं मात्र त्या काळातही वाढलं नाही, आणि माझ्या दृष्टीने ही उपयोगाची माहिती होती.

बाराव्या आठवड्यात थॉमस चाचणीत डावी मांडी ४ अंशांवर होती. घोट्यांमधला फरक ७ मिमी. आतल्या बाजूची फिरत १२ वरून १७ अंशांपर्यंतच आली, तिथे हाड आडवं येतं. कमरेचं दुखणं दहापैकी सहावरून एक-दोनवर. मग ६ मिमीचं पॅडही दोन आठवड्यांसाठी काढून पाहिलं, दुखण्यात फरक पडला नाही, आणि ते कायमचं काढलं. हाडांतला ६ मिमीचा फरक होता तिथेच आहे.

यातून किती निष्कर्ष काढायचा, याला मर्यादा आहेत. कंबरदुखी अनेकदा आपणहून उतरते. व्यायाम आणि पॅड कमी करणं साधारण एकाच काळात झालं. व्यायामाने खुबा सुधारला म्हणून कंबर सुधारली, की एकंदर ताकद आणि चालणं वाढल्यामुळे, हे एका रुग्णावरून ठरत नाही. उभ्याने केलेली ती दोन मिनिटांची चाचणी मला पहिल्या शक्यतेकडे झुकवते, एवढंच.

हाडाचा फरक मोठा असता तर निर्णय वेगळे असते. मांडीचं हाड मोडून २५ मिमी आखूड जुळलेल्या माणसाला खुबा मोकळा करत बसवणं अन्यायाचं होईल, त्याला भर लागतेच. बुटाच्या आत साधारण १ सेंटीमीटरपर्यंतच मावते, त्यापुढची तळव्याला बाहेरून लावावी लागते. तीही पूर्ण फरकाएवढी नाही, थोडी कमी आणि टप्प्याटप्प्याने. वाढीच्या वयातल्या मुलात फरक २ ते ५ सेंटीमीटरांच्या घरात जाणार असेल, तर लांब पायाची वाढ योग्य वेळी थांबवण्याची शस्त्रक्रिया होते. त्याहून जास्त असेल तर आखूड हाड दिवसाला साधारण १ मिमी या वेगाने लांबवतात. सोव्हिएत रशियातल्या कुर्गानमध्ये शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत उभी केली.

या बाईंच्या बाबतीत उरलेला प्रश्न कमरेचा नाही, डाव्या खुब्याचा आहे. लांब बैठकीत जांघेत अजून टोचतं. सध्या ठरलेलं असं: लंज आणि ब्रिज आठवड्यातून तीनदा चालू, खुर्ची उंचच. टोच वाढली, चालताना खुबा अडकायला लागला किंवा रात्री त्याने झोपमोड झाली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून पुढच्या तपासण्या करायच्या. यांपैकी काही झालं नाही, तर वर्षाने फिरत पुन्हा मोजायची.